पालथा पेला

एका गावात दोन आळ्या होत्या आणि दोन्हींच्या मध्ये सत्तर पायऱ्या. वर राहणाऱ्यांची ती वरची आळी, खाली राहणाऱ्यांची ती खालची. वरच्या आळीत सुताला रंग देऊन विकणारे व्यापारी राहत आणि खालच्या आळीत त्यांची धुणीभांडी करणाऱ्या बाया, पाणके, मोळीवाले आणि एक म्हातारा कल्हईवाला. वरच्यांना खाली यायचं कधी काम पडत नसे. खालच्यांना मात्र रोज उजाडता उजाडता वर जावंच लागे.

वरच्या आळीच्या रीती पुष्कळ होत्या. त्यांतल्या दोन आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं अडायला नको.

पहिली रीत पेल्याची. प्रत्येक घराच्या मागच्या दाराशेजारी भिंतीत एक कोनाडा असे आणि त्यात कामवालीचा मातीचा पेला. घरची माणसं पितळेच्या नाहीतर काशाच्या भांड्यातून पीत. कामवालीला सकाळचं ताक मिळे ते या पेल्यात. सकाळी पेला सरळ दिसला तर आत ये आणि कामाला लाग. पालथा दिसला तर तुझं काम संपलं, आल्या वाटेनं परत जा. मालकिणीनं कारण सांगायचं नाही आणि बाईनं विचारायचं नाही. कुणाला तोंडावर वाईट बोलावं लागत नाही, म्हणून वरच्या आळीला या रीतीचं मोठं कौतुक होतं.

दुसरी रीत भांड्याची. रिकामं भांडं भांडीवालीचं, भरलेलं भांडं घरचं. खरकटं पातेलं तिनं खुशाल राखेनं घासावं, पण त्यात अन्न असताना त्याला बोट लावायचं नाही. लावलंच तर ते अन्न घरातलं कुणी खात नसे. सगळं मोरीत ओतून द्यायचं. ज्या हातांनी भांडं स्वच्छ होतं त्याच हातांनी ते विटाळतं कसं, हे कोडं वरच्या आळीत कधी कुणाला पडलं नाही.

तर या गावावर वाईट दिवस आले. परगावचे व्यापारी दरसाल बैलांचा तांडा घेऊन यायचे आणि रंगवलेलं सूत घेऊन जायचे. एका वर्षी तांडा आला नाही. लोक म्हणाले, येईल. दुसऱ्या वर्षीही आला नाही, तेव्हा लोकांनी बोलायचंच सोडलं. रंगाच्या टाक्या कोरड्या पडल्या आणि वरच्या आळीत पेले पालथे पडू लागले.

आधी पाणक्यांना नको म्हटलं, मग बऱ्याच धुणेवालींना. ज्या घरी तीन बाया येत तिथं एक येऊ लागली आणि तिघींचं काम एकटी करू लागली. खालच्या आळीतल्या बाया पूर्वी पायऱ्या चढताना गप्पा मारत, एकमेकींना चिडवत. आता सगळ्या मुकाट्यानं चढत. पासष्टाव्या पायरीवरून परसातले कोनाडे दिसत. तिथं पोचल्यावर प्रत्येक बाई क्षणभर थांबे आणि मगच वर बघे.

त्या बायांमध्ये हौसा नावाची एक भांडीवाली होती. नवरा वारलेला, घरी मैना नावाची सहा वर्षांची लेक आणि म्हातारा बाप. हा बापच गावाचा कल्हईवाला. हौसा वरच्या आळीतल्या सगळ्यांत मोठ्या घरी काम करायची. तिच्या घरी चूल पेटायची ती त्या एका पेल्याच्या जिवावर, म्हणून पासष्टाव्या पायरीवर तिचे पाय रोज लटपटत. पेला सरळ दिसला की तिला बरं वाटे, पण ते बरं वाटणं परसदारापर्यंतच टिके. उद्या काय, ही भीती लगेच पुन्हा बसे.

मोठ्या घरच्या मालकीणबाई दुष्ट होत्या असं समजू नका. त्या घाबरलेल्या होत्या. धान्याची कोठी रोज उघडून बघायच्या आणि झाकण लावताना आवाज होऊ द्यायच्या नाहीत. आपलं घर खचत चाललंय हे आळीत कुणाला कळलं तर धाकट्या लेकीला कोण पत्करणार, हा त्यांच्या जिवाला घोर. पुढच्या ओसरीवरची समई त्या रोज लावत आणि तेवढं तेल आतल्या स्वयंपाकात कमी घालत. घरात कुणी काही कमी-जास्त बोललं की त्या एवढंच म्हणत, "मला वाईट काही ऐकवू नका." सून गप्प बसे, मुलगा गप्प बसे आणि भांडीवालीचा तर बोलायचा प्रश्नच नव्हता.

पण शेजारच्या घरी गोजरा नावाची बाई कामाला होती, ती बोलली. हौसाची ही मैत्रीण तोंडाची जरा फटकळच. ज्वारी पाखडताना तिला टोके, म्हणजे धान्यातले किडे, दिसले, तशी ती मालकिणीला म्हणाली, "बाई, ज्वारीला टोके लागल्यात. उन्हात घाला, न्हाईतर समदी जाईल." खरं तेच बोलली. पण टोके लागलेली ज्वारी मालकिणीनं जावेपासून लपवून ठेवली होती आणि जाऊ तिथंच उभी होती. दुसऱ्या दिवशी गोजराचा पेला पालथा. खालच्या आळीनं त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं.

काटकसर करता करता वरच्या आळीनं आणखी तीन गोष्टी केल्या. भाजीपाला परवडेना, पण परसातली चिंच तर विकत आणावी लागत नव्हती; तेव्हा घरोघर चिंचेची आमटी नाहीतर चिंचेचं सार होऊ लागलं. सरपण वाचावं म्हणून दिवसाचा सगळा स्वयंपाक एकदाच, सकाळी. आणि कल्हई बंद केली. पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, ती कल्हई. तो मुलामा उडाला की आंबट पदार्थ पितळेला लागून कळकतो आणि पोटात गेला की विषासारखा बाधतो. हे वरच्या आळीतल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. पण भांडं बाहेरून चकचकीत दिसतं तोवर आत डोकावतं कोण? आत हात घालणारी एकच, भांडीवाली. आणि कल्हई उडाली हे सांगायचं कामही तिचंच असे. त्या वर्षी ते सांगायला कुणीच धजावलं नाही.

हौसालाही दिसत होतं. पातेल्याच्या तळाशी पिवळं पितळ उघडं पडलेलं, कडेला हिरवट कड आलेली. ती काथ्यानं घासून काढायची, दुसऱ्या दिवशी कड पुन्हा आलेली असायची. सांगायचं म्हटलं की तिला गोजराचा पालथा पेला आठवायचा. मग ती पातेलं परसदारी उपडं घालून ठेवून द्यायची.

वरची माणसं सकाळी आमटी गरम गरम जेवत आणि रात्री नुसत्या भाकरीवर भागवत, तेव्हा त्यांना फारसं बाधत नव्हतं. तोंडाला जरा तुरट चव यायची, कुणाला मळमळायचं. पण उरलेली आमटी पातेल्यातच राही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामवालीच्या पदरात पडे. पूर्वी शिळ्या अन्नाबरोबर भाकरी असायची, भात असायचा. आता उरे ती फक्त आमटी, दिवसभर आणि रात्रभर त्या पातेल्यात मुरलेली. हौसा ती घरी नेई आणि नाचणीच्या भाकरीबरोबर मैनाला देई.

एके दिवशी मैनाला उलट्या सुरू झाल्या. पोर पोट धरून वळवळत होती आणि हौसाला कामावर जायची वेळ झाली होती. न जावं तर पेला पालथा. शेजारची तुळसाआजी म्हणाली, "तू जा गं. मी बसते हितं." आजी दोन दिवस मैनाच्या उशाशी बसली, चमच्यानं तांदळाचं पाणी पाजत राहिली. मैना वाचली. पण तोवर खालच्या आळीत आणखी चार घरांत उलट्या सुरू झाल्या होत्या.

ही बातमी वर पोचायला वेळ लागला नाही. वरची आळी भलतीच घाबरली. "खालच्या आळीत साथ आलीय," मालकीणबाई म्हणाल्या. "ही माणसं रोग घेऊन वर येतात." लगेच नवे नियम झाले. बायांनी परसदारी पाय धुवायचे, उंबऱ्यापासून हातभर लांब उभं राहायचं, पोरांकडे बघायचंही नाही. आणि जिच्या घरात उलटी, तिचा पेला पालथा. उरलेली आमटी द्यायचं मात्र कुणी थांबवलं नाही, कारण टाकून देण्यापेक्षा ते बरं.

मग खालच्या आळीत आजार लपवणं सुरू झालं. बाया पोरांची ओकारी राखेनं झाकत, तोंडावर पाणी मारत आणि हसऱ्या चेहऱ्यानं पायऱ्या चढत. वरची माणसं खालच्यांना भीत होती, खालची वरच्यांना भीत होती, आणि ज्याला भ्यायचं ते पितळेच्या पातेल्यात शांत पडून होतं.

एका संध्याकाळी हौसा गोजराच्या दारावरून चालली होती. गोजराची तीन पोरं अंगणात खेळत होती. गालफडं बसलेली, पण एकही आजारी नाही. हौसा थांबली.

"तुझ्या घरी कुणाला उलटी झाली न्हाई?" तिनं विचारलं.

"उलटी व्हायला पोटात काय तरी जावं लागतं," गोजरा म्हणाली. "पेला पालथा झाला त्या दिसापासनं वरचं काही आमच्या पोटात न्हाई. कोंड्याची पेज पितोय."

हौसा घरी आली आणि भिंतीला टेकून बसली. गोजराच्या घरी वरचं अन्न येत नाही आणि गोजराच्या घरी आजार नाही. तिनं बापाला विचारलं, "आबा, कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच रातभर ऱ्हायली तर काय होतं?"

म्हाताऱ्यानं खुंटीला टांगलेल्या भात्याकडे पाहिलं. दोन वर्षांत त्या भात्यानं वारा घातला नव्हता. "माणूस मरतं," तो म्हणाला. मग लेक हे का विचारतेय ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बोलू नगंस, हौसे. म्हणतील, कल्हईवाल्याची पोर हाय, बापाला काम मिळावं म्हणून भ्या घालती. कुणी खरं मानायचं न्हाई आणि तुझा पेला तेवढा जाईल."

म्हातारा काही खोटं सांगत नव्हता. हौसा बोलली नाही. वरच्यांशी तर नाहीच, खालच्या आळीतही नाही, कारण आळीत बोललेला शब्द दुपारपर्यंत पायऱ्या चढतो. मिळालेली आमटी ती वाटेतच नाल्यात ओतून देऊ लागली. मैनाला कोरडी भाकरी घालू लागली. आपली लेक आता सुरक्षित आहे, एवढं तिनं मनाला सांगितलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले.

चौथ्या दिवशी तुळसाआजी मेली.

आजीची सून वरच्या आळीत धुणं धुवायची आणि तिलाही शिळी आमटी मिळायची. सुनेनं चांगलं म्हणून आजीलाच पुढं केलं होतं. हौसा आजीच्या पायाशी बसली आणि तिला रडूही येईना. तीन दिवस तिला ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर ही म्हातारी आता मैनाला गोष्ट सांगत बसली असती.

तिनं तिथंच, सगळ्या बायांसमोर सांगून टाकलं. आमटी खाऊ नका, पोरांना घालू नका, पातेल्यांची कल्हई गेलीय. बाया ऐकत राहिल्या. गोजरा तेवढी म्हणाली, "तुला कवाधरनं ठावं हाय?"

"तीन दिस झालं."

गोजरा उठून आजीच्या सुनेजवळ जाऊन बसली. तिनं शिवी दिली असती तर हौसाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या घरी पाहुणे यायचे होते. धाकट्या लेकीला बघायला शेजारच्या गावची मंडळी, चांगली आठ-दहा माणसं. आमचं घर पूर्वीसारखंच आहे हे त्यांना दिसावं म्हणून मालकीणबाईंनी जवळचं होतं नव्हतं ते बाहेर काढलं होतं. पहाटेच स्वयंपाक झाला. सगळ्यांत मोठ्या पितळी पातेल्यात काठोकाठ चिंचेचं सार करून ठेवलं, कारण मंडळी चौथ्या प्रहरी यायची होती आणि चूल दोनदा पेटवायची नव्हती.

हौसा पायऱ्या चढली. पासष्टाव्या पायरीवर थांबली. पेला सरळ होता.

परसात येऊन तिनं पाय धुतले आणि सकाळची भांडी घासायला घेतली. घासून घासून ढीग संपला, दुपार झाली तरी तिचं लक्ष आतल्या पातेल्यावरच. ते पातेलं तिनं हजारदा घासलं होतं. त्याच्या आतला पिवळा डाग कुठून कुठवर आहे हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. पातेल्याजवळ मालकीणबाईंची पाच वर्षांची नात घुटमळत होती. तिची आई, म्हणजे घरची सून, तिला म्हणत होती, "सकाळी वाटीभर प्यायलीस ना? आता पाहुण्यांच्या पंगतीला."

हौसाला वाटलं, उठून जावं. भांडी झाली आहेत, कुणी काही विचारणार नाही. उद्या पेला सरळ असेल. मग तिला तुळसाआजीचे पाय आठवले.

ती उठली. कोनाड्यातला आपला पेला तिनं काढला, हातात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा उंबऱ्यावर पालथा ठेवला.

असं त्या गावात आजवर कुणी केलेलं नव्हतं. सून बघत राहिली. मालकीणबाई आतून आल्या.

"हे काय, हौसे?"

"बाई, माझा पेला मीच पालथा घातलाय. आता मी तुमच्या कामाला न्हाई, तवा बोलते. ते सार कुणाला वाढू नका. पातेल्याला कल्हई न्हाई. सार कळकलंय. आमच्या आळीत साथबीथ काही न्हाई, बाई. तुमच्या पातेल्यातलं खाऊन माणसं ओकत्यात. काल तुळसाआजी मेली."

मालकीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. पण त्यांना आधी पाहुणे दिसले, मग आळी दिसली. दोन वर्षं घरात कल्हई झाली नाही, हे या बाईच्या तोंडून आज बाहेर पडलं तर सगळं संपलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "बापाचा धंदा बसला म्हणून तू हे काढलंस. मला काय कळत नाही?"

"बापानं आधीच सांगितलं हुतं, तुमी असंच म्हणाल म्हणून. खरं-खोटं मला पटवता येत न्हाई. येवढंच बघा की मला आता तुमच्याकडनं काही मिळायचं न्हाई. पेला पालथा हाय."

"झालं ना बोलून? मग जा. मला वाईट काही ऐकवू नको." आणि त्यांनी सुनेला ताटं मांडायला सांगितलं.

हौसा परसदारी उभी राहिली. तिनं जे सांगायचं ते सांगितलं होतं. आता ती घरी गेली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. पुढच्या दारी बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मंडळी आली होती. नातीनं पळत जाऊन स्वतःची वाटी आणली आणि ती पातेल्याशी उभी राहिली.

हौसानं उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा ती वरच्या आळीतल्या स्वयंपाकघरात शिरली. कुणाला काही कळायच्या आत ती चुलीपाशी गेली आणि भरल्या पातेल्यात तिनं आपला उजवा हात मनगटापर्यंत बुडवला.

स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. हौसाला कळून चुकलं होतं की नुसता हा पेला गेला नाही, या आळीतला कुठलाच पेला आता तिला मिळायचा नाही. राखेनं भेगाळलेल्या बोटांना चिंच झोंबत होती, तरी तिनं हात काढला नाही.

"आता तरी ओताल," ती म्हणाली. "तुमचीच रीत हाय."

रीत होतीच आणि ती मोडायची वरच्या आळीत कुणाची प्राज्ञा नव्हती. मालकीणबाईंनी संतापानं पातेल्याचा एक कान धरला, दुसरा सुनेनं धरला. दोघींनी ते ओढत परसात नेलं आणि मोरीत उपडं केलं. तांबूस सार वाहून गेलं. पातेलं आडवं पडलं आणि त्याच्यात ऊन शिरलं. आतून ते हिरवं झालं होतं. बुडापासून वीतभर वर हिरवा थर, आणि जिथं कल्हई असायची तिथं खरवडल्यासारखं उघडं पितळ.

सून खाली बसली. "मला चव येत होती," ती पुटपुटली. "दोन महिने झाले. रोज येत होती. तुम्ही म्हणालात वाईट ऐकवू नका, म्हणून मी बोलले नाही."

मालकीणबाई काही म्हणणार इतक्यात मागून ओकारीचा आवाज आला. नात उंबऱ्यावर वाकली होती, त्या पालथ्या पेल्याशेजारीच.

पाहुण्यांना त्या दिवशी नुसता दूधभात मिळाला. मुलीकडे बघायलाही कुणाला भान नव्हतं. पाहुण्यांतल्या थोरल्या बाईंनी परसात पडलेलं पातेलं बघितलं आणि त्या मटकन ओसरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडंही दोन वर्षं झाली नाही हो कल्हई. कुणाला सांगायचं?" आणि घरी ठेवून आलेल्या नातवंडांच्या काळजीनं ती मंडळी न थांबता परत फिरली.

नात दोन दिवस अंथरुणाला खिळून होती. मालकीणबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या. चमच्यानं तांदळाचं पाणी पाजत राहिल्या. पोरीचा श्वास चालू आहे ना, हे सारखं हात लावून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली आणि भात मागू लागली. तेव्हा मालकीणबाई परसात गेल्या. पेला अजून उंबऱ्यावर पालथाच होता. त्यांनी तो उचलून पदरात घेतला, मोठं पातेलं कडेवर घेतलं आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.

वरच्या आळीची मालकीण खाली येते आहे हे बघून खालच्या आळीत धडाधड दारं लागली. आता आणखी काय संकट, म्हणून बायांनी पोरांना आत ओढलं. मालकीणबाईंना हौसाचं घर ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं बाई कामाला होती, पण ती कुठं राहते हे विचारायची कधी वेळ आली नव्हती. शेवटी भाता टांगलेला दिसला, त्यावरून त्यांनी ओळखलं.

हौसा दारात आली. मग दारी आलेल्या माणसाला द्यायचं म्हणून हौसानं पाणी दिलं, तिच्याकडे असलेल्या मातीच्या पेल्यात. मालकीणबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्या सगळं प्यायल्या.

"मैना बरी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी हाय. तुमची पोर?"

"वाचली." मग त्या म्हणाल्या, "ती तुळसाआजी कुठं राहायची?"

हौसानं शेजारचं बंद दार दाखवलं. मालकीणबाई त्या दाराकडे बघत राहिल्या. माफी कुणाकडे मागायची ते त्यांना कळेना, आणि हौसालाही कळत नव्हतं.

म्हाताऱ्यानं भाता खाली काढला, अंगणात खड्डा करून कोळसे पेटवले. पातेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कापसाच्या बोळ्यानं म्हाताऱ्यानं कथील फिरवलं. हिरव्या डागांच्या जागी आतून चांदीसारखं लखलखीत झालं. आळीतली दारं एकेक करून उघडली आणि पोरं बघायला बाहेर आली.

निघताना मालकीणबाईंनी पदरातला पेला काढला. "उद्या ये. हा मी कोनाड्यात सरळ ठेवते."

हौसानं पेला त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्याजवळच ठेवला. "येते, बाई. पण पेला ठेवू नका."

"मग तुला कळणार कसं, काम आहे की नाही ते?"

"तोंडानं सांगा," हौसा म्हणाली. "काढायचं असंल तर माझ्याकडं बघून सांगा. मग आमीबी जे दिसंल ते तुमाला तोंडानं सांगू."

तांडा त्या वर्षीही आला नाही, आणि वाईट दिवस काही लगेच सरले नाहीत. एक वेळ अशी आली की मालकीणबाई पुन्हा पायऱ्या उतरून आल्या आणि हौसाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हौसे, दोन महिने जमणार नाही गं. कोठीच रिकामी आहे." सांगताना त्यांना रडू आलं आणि ऐकताना हौसालाही. दोन महिन्यांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं. मधल्या दिवसांत हौसानं मोळ्या वाहिल्या, अर्धपोटी रात्री काढल्या. पण पासष्टाव्या पायरीवरची ती थरथर तिला पुन्हा कधी भोगावी लागली नाही.

बाकीच्या घरांतले कोनाडे हळूहळू रिकामे झाले. काहींत पेले अजूनही आहेत म्हणतात. हौसा पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि गावानं तिला धीट बाई म्हणून नाव दिलं. ते नाव कुणी तिच्या तोंडावर घेतलं की ती म्हणायची, "मी तीन दिस उशीर केला हुता." आणि तुळसाआजीच्या दारावरून जाताना ती मान खाली घालायची, अगदी शेवटपर्यंत.

या गोष्टीचं तात्पर्य काढायचंच तर हे: ज्या घरात खरं बोलणाऱ्याची भाकर जाते, त्या घरात खरं शेवटी जेवणाच्या ताटातूनच कळतं, आणि ते पहिल्यांदा त्याच्या ताटात पडतं, ज्याला बोलायची सगळ्यांत जास्त भीती असते.